वरुडकडे संत्र्याच्या बागेत नांगर आणि मुकुट असलेलं जुनं बक्कल सापडलं, ओळख पटवायला मदत हवी

मृगबहार (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. आम्ही वरुड तालुक्यातले, बाग संत्र्याची. वडिलांच्या काळात टाकलेल्या जीआय पाइपलाइनचा एक वॉल (व्हॉल्व्ह) मातीत गडप झाला आहे आणि कुठे पुरला होता ते आता कोणालाच नक्की सांगता येत नाही. नळयोजनेची कामं घेणाऱ्या मित्राचं मेटल डिटेक्टर मागून आणलं. वॉल शोधताना धुऱ्यापासून (बांधापासून) जरा आत, जिथे पूर्वी आमचा गोठा होता, तिथे यंत्र एकाच जागी सारखं वाजायला लागलं. खुरप्याने उकरलं तर वीतभर खाली हे निघालं.

गोल आहे, व्यास साधारण ५ सेंटीमीटर. दोन भाग एकमेकांत अडकलेले आहेत. मधल्या चकतीवर जहाजाचा नांगर, त्याला दोर गुंडाळलेला, आणि वर मुकुट. बाहेरच्या कड्यावर पानांची नक्षी. दोन्ही बाजूंना पट्टा ओवायला लांबट कड्या आहेत. रंग काळपट हिरवा, पण खाचांमध्ये अजून सोनेरी दिसतं.

समुद्र आमच्यापासून साडेपाचशे किलोमीटर तरी असेल. नांगराचं चिन्ह असलेली वस्तू आमच्या वावरात कशी आली हे समजून घ्यायचं आहे. विकायची नाही. गावात "गुप्तधन सापडलं" अशी कुजबुज सुरू झाली आहे, त्यामुळे नेमकं काय आहे ते लवकर कळलं तर बरं. अजून धुतलेलं नाही, फक्त सुटी माती झटकली आहे. फोटो जोडले आहेत.

घुंगरमाळ

भाऊ, जबरदस्त हाये. मले तर पाह्यल्याबरोबर कान्होजी आंग्र्यांचं आरमारच आठवलं. मराठ्यांच्या आरमाराचं असू शकते का?

कामठीकर

मला वाटतं लष्करी आहे. कामठीची छावणी १८२१ पासूनची, गोऱ्या पलटणी तिथे वर्षानुवर्षं होत्या. त्यांच्यातल्याच कोणाचा तरी पट्टा असावा.

शकुंतलेचा प्रवासी

रेल्वेचं असायची शक्यता आधी तपासा. जीआयपी (ग्रेट इंडियन पेनिन्सुला) रेल्वे १८६७ मध्ये नागपूरला पोचली, पुढे बंगाल नागपूर रेल्वे आली, शिवाय आमची मूर्तिजापूर-यवतमाळची छोटी गाडी. या सगळ्यांकडे पितळी बकलांचे पट्टे होते. मात्र कंपन्या आपली आद्याक्षरं ठोकून घ्यायच्या. कुठे अक्षरं दिसतात का?

मृगबहार

अक्षर एकही नाही. पुढून फक्त नांगर, दोर, मुकुट, पानं.

जुनीनाणी

मृगबहार भाऊ, सगळ्यात आधी एक विनंती: चिंच, लिंबू, राख, पितांबरी यातलं काहीही लावू नका. घरातले आग्रह करतील, पण थांबवा. आंबट लागलं की पितळेतलं जस्त निघून जातं आणि वस्तू तांबूस, खडबडीत होते. ती पुन्हा पूर्वीसारखी होत नाही. राखेने तर उरलासुरला मुलामाही घासला जाईल. खाचांत सोनेरी राहिलं आहे म्हणता, ती फार मोलाची खूण आहे. नुसतं पितळ जमिनीत इतकी वर्षं राहिलं तर खाचांतही काळं-हिरवं होतं. सोन्याला कळंक चढत नाही. म्हणजे हे मुलामा दिलेलं पितळ आहे, आणि उंचवट्यांवरचा मुलामा वापरून वापरून झिजला आहे.

आत्ता एवढंच करा. बॅटरीत घालायचं डिस्टिल्ड वॉटर असतं ना, त्यात थोडा वेळ ठेवा. मग लहान मुलांचा मऊ ब्रश आणि बांबूची बारीक काडी. सुई किंवा ब्लेड नको. तुमच्याकडची काळी माती चुनखडीची, त्यामुळे पांढरे टणक खडे चिकटलेले असतील, ते ओढून काढू नका. पुसल्यावर सावलीत पूर्ण वाळवा आणि सीलबंद डबीत सिलिका जेलच्या पुड्यांसोबत ठेवा. औषधांच्या बाटल्यांत निघतात त्या पुड्याही चालतात. काही दिवसांनी कुठे फिकट हिरवी, पिठासारखी पूड दिसली तर लगेच सांगा. गडद हिरवा थर घाबरायचा नाही. ही फिकट पूड मात्र धातू आतून खात जाते.

आता फोटो. तुम्ही सरळ वरून फ्लॅश मारून काढले आहेत, त्यात मुकुट सपाट दिसतो. खोली अंधारी करा, दुसऱ्या फोनची टॉर्च टेबलालगत आडवी धरा आणि उजेड बाजूने येऊ द्या. मुकुटाचा जवळून एक, पूर्ण मागच्या बाजूचा एक, दोन्ही कड्यांचे वेगळे. मुकुटाच्या कमानी कशा आहेत यावर निम्मं उत्तर आहे.

सातबारा

महसूल खात्यात आयुष्य गेलं म्हणून लिहितो. ओळख पटेल तेव्हा पटेल, कागद आधी करा.

१८७८ चा निखात निधी कायदा आजही लागू आहे. जमिनीत दडलेली, दहा रुपयांहून जास्त किमतीची कोणतीही वस्तू सापडली तर सापडणाऱ्याने जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवायचं असतं. दहा रुपये ही रक्कम जुनी आहे, पण कायद्यात तीच आहे. अर्जात तीन गोष्टी हव्यात: वस्तू काय आणि साधारण किती किमतीची, कुठे सापडली, कोणत्या तारखेला सापडली. गट नंबर घाला, फोटो जोडा. तहसील कार्यालयामार्फत दिलं तरी पोच घ्या.

दुसरा १९७२ चा पुरावशेष कायदा. शंभर वर्षांहून जुनी वस्तू पुरावशेष ठरू शकते. तिचा व्यापार परवान्याशिवाय करता येत नाही आणि देशाबाहेर पाठवता येत नाही. तुम्हाला विकायचं नाही हे उत्तम. पण बक्कल पाहून कोणी फोनवर भाव करायला लागला तर त्याला इथेच थांबवा.

गुप्तधनाच्या चर्चेबद्दल. पोलीस पाटलांना स्वतःहून दाखवून या. वस्तू लपवून ठेवली की अफवा वाढते. आणि अफवेच्या वासावर कोणी मांत्रिक "अजून आहे, काढून देतो" म्हणत दारात आला तर त्याला सांगा, गुप्तधनासाठी अघोरी प्रकार करणं २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा आहे.

धागा वाचणाऱ्या बाकीच्यांनाही सांगतो. स्वतःच्या वावरात वॉल शोधणं वेगळं. गाविलगड, नरनाळा अशा संरक्षित ठिकाणी यंत्र घेऊन फिरण्याचा विचारही करू नका. संरक्षित स्मारकापासून १०० मीटरचा पट्टा प्रतिबंधित असतो, तिथे उकरणं तर दूरच.

मृगबहार

सातबारा काका, मनापासून आभार. अर्ज लिहायला घेतला आहे. पोलीस पाटील आमच्याच आळीतले, त्यांना दाखवलं.

जुनीनाणी, सांगितलं तसं केलं. नवे फोटो टाकतो आहे. मला जे दिसलं ते:

मुकुटाच्या कमानी दोन्ही बाजूंनी वर चढतात आणि मध्यावर गोलसर मिळतात. मध्ये खाली दबलेल्या नाहीत. वर छोटा गोळा आणि त्यावर क्रूस.

मागच्या बाजूला दोन्ही भागांवर एकच आकडा कोरलेला आहे, इंग्रजी ७. हाताने कोरल्यासारखा, जरा तिरका.

आणि एक विचित्र गोष्ट, जी आधी मातीमुळे दिसलीच नव्हती. डाव्या कडीत गंजलेल्या लोखंडी तारेचा पीळ आहे. तीन वेढे देऊन टोकं आत वळवलेली. त्याच कडीची आतली कड कानसीने घासून रुंद केल्यासारखी वाटते, बारीक समांतर रेघा आहेत. उजवी कडी जशीच्या तशी.

जुनीनाणी

वा, हे फार छान निघालं.

मुकुटापासून सुरू करतो. ब्रिटिश मुकुटाचे तीन प्रकार लक्षात ठेवले की निम्म्या वस्तूंचा काळ ठरतो. व्हिक्टोरिया राणीच्या काळातला मुकुट काहीसा दबका, कमानी कोनदार. १९०१ मध्ये सातवा एडवर्ड गादीवर आला आणि त्यानंतर गोलसर, फुगीर कमानींचा ट्यूडर मुकुट वापरात आला. पुढे दुसऱ्या एलिझाबेथ राणीने १९५० च्या दशकात मध्यभागी खाली दबलेल्या कमानींचा सेंट एडवर्ड मुकुट घेतला. तुमच्या कमानी गोलसर चढतात आणि दबत नाहीत, म्हणजे ट्यूडर. १९०१ च्या आधीचं हे नाही.

घुंगरमाळ भाऊ, म्हणून आंग्र्यांचं नाही. कान्होजी १७२९ मध्ये गेले. ब्रिटिश नौदलातच अधिकाऱ्यांना ठरावीक गणवेश मिळाला तो १७४८ मध्ये, आणि त्यांच्या बटनांवर नांगराच्या वर मुकुट आला १८१२ मध्ये. नांगर आणि मुकुट ही जोडीच आंग्र्यांच्या नंतरची आहे.

कामठीकर, पायदळाच्या शिपायाच्या बकलावर बहुधा मुकुटावर सिंह असतो आणि भोवती राजघराण्याचं फ्रेंच बोधवाक्य. दोर गुंडाळलेला नांगर हे नौदलाचं चिन्ह. कामठीच्या पलटणीतल्या कोणाकडे तो असण्याचं सरळ कारण नाही.

दोन्ही भागांवरचा ७ म्हणजे जोडीची खूण. अशी बक्कलं हाताने घासून एकमेकांत बसवायचे. एकाची चकती दुसऱ्याच्या कड्यात नीट बसत नसे, म्हणून कारागीर दोन्हींवर सारखा आकडा टाकायचा. हा ७ कोणा माणसाचा किंवा तुकडीचा नंबर नाही. तो दोन्हींवर सारखा आहे, म्हणजे तुमच्याकडे मूळ जोडी आहे.

निवृत्त नाविक

भारतीय नौदलात नोकरी केली, आता अकोल्याला असतो. फोटो मोठे करून पाहिले.

हे अधिकाऱ्याच्या तलवारीच्या पट्ट्याचं बक्कल आहे. मध्ये दोर गुंडाळलेला नांगर, वर मुकुट, भोवती लॉरेलच्या पानांचं कडं, सगळं सोनेरी मुलाम्याचं, ही ब्रिटिश नौदलाची ठरलेली घडण. खलाशाच्या गणवेशात असा पट्टा नव्हता. खलाशी किनाऱ्यावर बंदूक घेऊन उतरायचे तेव्हा कापडी वेबिंगचा पट्टा लावायचे, त्याचं बक्कल साधं पितळी, चिन्हाशिवाय.

आता आपल्याकडचा काळ बघा. हिंदुस्थानातल्या सरकारी आरमाराचं १८९२ मध्ये रॉयल इंडियन मरीन झालं आणि ऑक्टोबर १९३४ मध्ये रॉयल इंडियन नेव्ही. अधिकाऱ्यांचा गणवेश ब्रिटिश नौदलाच्याच धर्तीवर. १९४७ नंतरही मुकुट लगेच गेला नाही. २६ जानेवारी १९५० ला नावातलं रॉयल गेलं आणि मुकुटाच्या जागी अशोकस्तंभाचे सिंह आले. म्हणजे भारतात हे बक्कल गणवेशावर असण्याचा काळ १९०१ ते १९५०. फक्त बकलावरून तो अधिकारी ब्रिटिश नौदलाचा की इथल्या नौदलाचा हे सांगता येणार नाही. ते कोणी सांगू लागलं तर पुरावा मागा.

कोणीतरी एनसीसीचं नाव काढेलच, म्हणून आधीच लिहितो. एनसीसी १९४८ ची आणि तिचा नौदल विभाग त्याच्याही नंतरचा. तोपर्यंत मुकुट जायची वेळ झालीच होती.

शकुंतलेचा प्रवासी

पटलं. रेल्वेचा मुद्दा मागे घेतो, नांगराचं स्पष्टीकरण रेल्वेत मिळत नाही.

इतिहासवेडा

मंडळी, मला वाचतानाच काटा आला. फेब्रुवारी १९४६ चं नाविकांचं बंड! कुलाब्याच्या तलवार तळावर सुरू झालं, मुंबई बंदरातल्या जहाजांवरून ब्रिटिश झेंडे उतरले, कराचीपर्यंत लोण गेलं. बंडानंतर कितीतरी जणांना काढून टाकून गाडीत बसवून गावी पाठवलं. त्यातला कोणी वरुडकडचा असेल आणि त्याने हे बक्कल रागाने मातीत पुरलं असेल तर? अशा माणसांची नावं कुठे राहिली नाहीत. हा धागा त्यांच्यापर्यंत पोचू शकतो.

निवृत्त नाविक

इतिहासवेडा, तुमची तळमळ समजते. माझ्याही मनात पहिलं तेच आलं. बंड १८ फेब्रुवारी १९४६ ला तलवारवर निकृष्ट जेवण आणि अपमानास्पद वागणूक यांच्या विरोधात सुरू झालं. ते बोटीबोटींवर पसरलं आणि २३ फेब्रुवारीला काँग्रेस आणि लीगच्या नेत्यांच्या सांगण्यावरून संपलं. नंतर शेकडो नाविक नोकरीतून गेले आणि स्वातंत्र्यानंतरही त्यांना परत घेतलं नाही. त्या लोकांना जे मिळायला हवं होतं ते मिळालं नाही, हे मला आजही लागतं.

पण ते बंड खलाशांचं होतं आणि हे बक्कल अधिकाऱ्याचं आहे. काढून टाकलेल्या नाविकाला गावी जाताना अधिकाऱ्याचा तलवारीचा पट्टा कोण देईल? कोणी उचलून आणला असं म्हणायलाही काही आधार नाही. बंडातल्या माणसांबद्दल आदर आहे म्हणूनच ही वस्तू त्यांच्या नावावर लावू नये असं मला वाटतं. उद्या कोणी खोटं ठरवलं तर खऱ्या नावांवरही शंका येईल.

शोधायचंच असेल तर दुसरा रस्ता आहे. महायुद्ध सुरू झालं तेव्हा १९३९ मध्ये आपल्या नौदलात दोन हजारांच्या आत माणसं होती, अखेरीस पंचवीस हजारांच्या वर. समुद्र न पाहिलेली पोरं देशभरातून भरती झाली. मृगबहार, तुमच्या गावात किंवा शेजारच्या गावात त्या काळात कोणी बोटीवर गेलं होतं का, ते म्हाताऱ्या माणसांना विचारा. असं घर सापडलं तर ट्रंकेतले सेवेचे कागद जपून ठेवायला सांगा. नाविकांच्या नोंदींचं काम मुंबईत मानखुर्दच्या चीता कॅम्पमधलं ब्युरो ऑफ सेलर्स बघतं. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयातून पत्रव्यवहार कसा करायचा ते सांगतील. त्या घराचा या बकलाशी संबंध नसला तरी ती नोंद मोलाची आहे.

वर्धाकाठची लेक

मी सगळा धागा वाचला, सगळ्यांनी पुढची बाजू पाहिली. मला ती तार दिसते आहे.

दादा, तुम्ही लिहिलं की जागा जुन्या गोठ्याची. माझं माहेर आर्वीकडचं. आमच्याकडे बैलाच्या गळ्यात घुंगरांचा चामडी पट्टा असायचा, आणि त्याला लागणारं चामडं, कड्या, बकला नव्या कोण विकत घेतो? जुन्या सामानातलं वापरायचे. सैन्यातले पट्टे, वॉटरबॉटलच्या दोऱ्या, खोगिराच्या वाद्या, सगळं बैलांच्या साजात गेलेलं मी लहानपणी पाहिलं आहे. बैलाची मान माणसाच्या कमरेपेक्षा जाड पट्टा मागते, म्हणून कडी घासून मोठी करायची आणि तरीही नीट बसेना तर तारेने आवळायचं. तीन वेढे देऊन टोकं आत वळवणं हे बैलवाल्याचंच काम. टोक बाहेर राहिलं तर बैलाच्या मानेला जखम होते. शोभेसाठी लावणाऱ्याला ते सुचणार नाही.

दोन्ही भाग अडकलेले सापडले, हेही बघा. पट्टा लावलेलाच होता. चामडं कुजून गेलं, धातू राहिला.

सामान कुठून येतं? महायुद्ध संपल्यावर सैन्याचा उरलेला माल डिस्पोजलमध्ये विकला गेला. कांबळी, कोट, बूट, पट्टे गाठोड्यांनी बाजारात आले. आमच्या घरी करड्या रंगाची एक डिस्पोजलची कांबळ कितीतरी वर्षं होती, थंडीत ओलिताला जाताना वडील तीच घ्यायचे.

जुनीनाणी

ताई, तुम्ही कोडं सोडवलंत असं मला वाटतं. कानसीच्या रेघा मी जोडणी सैल झाल्यामुळे कोणीतरी दुरुस्ती केली असं समजत होतो. पण दुरुस्ती असती तर दोन्ही कड्या सारख्या ठेवल्या असत्या. एकच कडी रुंद केली आहे, म्हणजे त्या बाजूने वेगळ्या जाडीचं चामडं ओवायचं होतं.

मृगबहार, तार काढू नका. संग्राहक सांगतील की तार काढली तर वस्तू "मूळ" दिसेल. ऐकू नका. तुमच्या घरी या बकलाने जे काम केलं त्याचा तेवढाच पुरावा आहे. गंज पसरू नये म्हणून डबी कोरडी ठेवा, बस.

घुंगरमाळ

ताई, तुमी बरोबर बोलता. आमच्या मोठ्या बाबांकडं पोळ्याले निघायचा तो पट्टा, त्याले एक पितळी चकती होती, तिच्यावर वाघासारखं काहीतरी होतं. मले वाटे बाजारातून शोभेची आनली. आता ती कुठं गेली म्हाईत नाई.

सातबारा

वर्धाकाठच्या लेकीने सांगितलेलं अर्जात लिहू नका. अर्जात फक्त काय सापडलं आणि कुठे सापडलं एवढंच. वापराचा अंदाज वेगळ्या कागदावर, वस्तूसोबत ठेवा. पुढे कोणी तज्ज्ञ तपासेल तेव्हा त्याला दोन्ही वेगळे दिसले पाहिजेत.

आणि जागेची नोंद आत्ताच करून ठेवा. विहिरीच्या काठापासून किती पावलं, धुऱ्यावरच्या कोणत्या झाडापासून किती, खोली किती. पाऊस पडून वखरणी झाली की जागा ओळखू येणार नाही.

मृगबहार

सगळ्यांचे आभार. काय काय झालं ते एकत्र लिहितो.

अर्ज दिला, पोच मिळाली. विहिरीच्या कठड्यापासून आणि धुऱ्यावरच्या कडुनिंबापासून टेपने अंतर मोजून चिठ्ठी डबीत ठेवली.

वर्धाकाठच्या ताईंचं वाचून आजीला विचारलं. सुरुवातीला नांगर, मुकुट वगैरे सांगत बसलो तर तिला काही लागेना. मग "बैलाच्या गळ्यातला पट्टा" म्हटल्यावर म्हणाली की आजोबांनी नागपूरहून एकदा कांबळी आणि चामड्याचे पट्टे आणले होते. पट्टे "गोऱ्यायच्या सामानातले" होते असं ती म्हणते. काही बैलांना लागले, एकाची मोटेला ओढायला वादी केली. हे बक्कल तिला आठवत नाही. मी दोनदा दाखवलं, तिने बोटाने मुकुट चाचपून पाहिला आणि "असन, पण मले नाई आठवत" म्हणाली. तिने जेवढं सांगितलं तेवढंच लिहितो, त्यात माझं काही घालत नाही. कोणत्या साली आणले हेही तिला सांगता येत नाही, पण माझे वडील तेव्हा रांगत होते म्हणते. वडिलांचा जन्म १९४७ चा. म्हणजे युद्ध संपल्यानंतरचा काळ.

त्याच जागी यंत्र पुन्हा फिरवलं. घुंगराचं एक पितळी टरफल मिळालं, चेपलेलं, बकलापासून हातभर अंतरावर. तेही अर्जाला पुरवणी जोडून कळवलं. काळ्या मातीत यंत्र फार खोटं वाजतं. इकडची माती काळ्या दगडाची झिजून झालेली, तिच्यात लोह भरपूर. मित्राने यंत्राचं ग्राउंड बॅलन्स (मातीतल्या लोहामुळे येणारा आवाज वगळायची सोय) जमिनीवर वर-खाली धरून पुन्हा जुळवून दिलं, तेव्हा कुठे टरफलाचा बारीक आवाज वेगळा ऐकू आला. कोणाला वॉल शोधायचा असेल तर हे आधी करा.

निवृत्त नाविक काका, चौकशी केली. शेजारच्या गावात एका घरातला माणूस युद्धात "बोटीवर" होता असं दोन वेगवेगळ्या लोकांनी सांगितलं. घरच्यांना भेटलो. ट्रंक आहे, पण किल्ली मुलाकडे, मुलगा पुण्याला. दिवाळीत येईल तेव्हा उघडू म्हणाले. त्यांना मी बक्कल दाखवलं नाही. नाहीतर पुढे "आमच्याच माणसाचं" अशी आठवण तयार होईल.

निवृत्त नाविक

न दाखवणं अगदी योग्य केलंत. ट्रंक उघडाल तेव्हा सेवापुस्तिकेसारखं काही मिळतं का पाहा. जहाजाचं नाव, भरतीची तारीख, नोकरी सुटल्याचं कारण, या तीन ओळी पुरे आहेत. कागद चिकटलेले असतील तर सोडवू नका, तसाच फोटो काढून मला पाठवा. नोकरी सुटल्याचं कारण वाचताना घरच्यांसमोर जरा जपून. १९४६ मध्ये काढलेल्या कितीतरी माणसांनी घरी काहीच सांगितलं नव्हतं.

इतिहासवेडा

मुद्दा कळला. त्या घराबद्दल काही निघालं तर बक्कल बाजूला ठेवून वेगळा धागा काढावा, मी मदत करायला तयार आहे. बंडाच्या काळातल्या वर्तमानपत्रांची कात्रणं माझ्याकडे आहेत, जहाजाचं नाव मिळालं तर ते जहाज त्या आठवड्यात कुठे होतं ते शोधून देईन.

जुनीनाणी

आतापर्यंतच्या फोटोंवरून माझं मत लिहून ठेवतो, म्हणजे पुढे कोणी शोधत आलं तर सापडेल. ब्रिटिश घडणीचं नौदल अधिकाऱ्याच्या तलवारपट्ट्याचं दुभागी बक्कल. मुलामा दिलेलं पितळ, ट्यूडर मुकुट, १९०१ ते १९५०, जोडीचा आकडा ७, कारागिराचा किंवा कंपनीचा शिक्का दिसत नाही. एका कडीत कानसीने बदल आणि तारेचा पीळ. बैलाच्या पट्ट्यात पुन्हा वापरल्याची शक्यता भक्कम, घुंगराच्या टरफलामुळे अजून भक्कम. डिस्पोजलमधून आल्याचं आजींच्या आठवणीशी जुळतं, सिद्ध झालेलं नाही.

नागपूरला अजब बंगल्यात, म्हणजे मध्यवर्ती संग्रहालयात, जमलं तर प्रत्यक्ष दाखवून या. जाताना अर्जाची पोच सोबत ठेवा.

वर्धाकाठची लेक

दादा, आजींना माझा नमस्कार सांगा. आणि त्या मोटेच्या वादीबद्दल त्यांच्याकडून अजून विचारून ठेवा. मोट, नाडा, सोंदूर, चाकं, हे सगळं ज्यांनी हाताळलं आहे अशी माणसं आता कमी उरली आहेत. पट्ट्याची वादी मोटेला नेमकी कुठे लावली होती ते त्याच सांगू शकतील.

मृगबहार

हो ताई, आजच विचारतो. वॉल अजून मिळालेला नाही, त्यामुळे यंत्र आठवडाभर ठेवून घेतलं आहे.

कामठीकर

एक विचारायचं होतं. आमच्या घरी आजोबांच्या डब्यात एक पितळी बटन आहे, नांगराचंच, पण मुकुट नाही, वर काहीतरी दुसरं आहे, झिजलेलं. इथेच टाकू की नवा धागा काढू?

जुनीनाणी

नवा धागा काढा. पुढच्या बाजूआधी मागच्या बाजूचा फोटो टाका. बटनाच्या पाठीवर बऱ्याचदा बनवणाऱ्याचं नाव गोलाकार ठोकलेलं असतं, आणि झिजलेलं चिन्ह आडव्या उजेडात काढा. मुकुटाच्या जागी तीन सिंह दिसले तर ते १९५० नंतरचं.